हलकी गाडी, ६० घोडे आणि सातारचे घाट: इंजिनातून अजून काय निघेल?

यवतेश्वर_वळण (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी आहे सॅन स्टॉर्म. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, १९९८ साली आपल्याच देशात बाजारात आलेली दोन सीटची, फायबरग्लास बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचं डी७एफ, ११४९ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कागदावर साधारण ६० घोडे (हॉर्सपॉवर). कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली ठेवली होती, तिथून आणली. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, ते सगळं नवीन केलं. उसाच्या वजनकाट्यावर चढवली तर आठशे किलोच्या आत-बाहेर भरली. काट्यावरचा माणूस विचारत होता, ट्रॉली कुठाय?

आता अडचण. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या चढाला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी नुसती गुरगुरते, ओढत नाही. ६० च्या स्पीडला काटा २,८०० आरपीएमवर असतो, पाय पूर्ण दाबला तरी स्पीड हळूहळू खालीच येतो. मला ८५-९० घोडे हवेत. एकानं सांगितलं कोन फिल्टर लाव, दुसऱ्यानं मोठा सिलेन्सर, तिसऱ्यानं हेड (व्हॉल्व्ह असतात ते इंजिनाचं वरचं झाकण) घासून घे, चौथा चिप-चिप करतोय. पैसे एकदम नाहीत, टप्प्याटप्प्याने घालीन. सुरुवात कुठून करू?

बूस्टवेडा (कराड)

इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो टाक भावा, विषय कट. भंगारात डिझेल स्विफ्टचा छोटा केपी३५ मिळतो. एवढ्याशा वजनाला ९० घोडे म्हणजे नाद खुळा होईल.

घाटवाटा (वाई)

+१ टाकून जागा धरतो. सातारच्या रस्त्यावर स्टॉर्म पाहिल्याला युग लोटलं. फोटो टाका राव आधी.

तिसरा_गिअर (सांगली, सध्या पुणे)

फोटो येतील तेव्हा येतील, मी आधी हिशोब मांडते. पोटापाण्याचं कामच इंजिन कॅलिब्रेशनचं आहे, त्यामुळे राहवत नाही.

गाडी आणि दोन माणसं मिळून ९४० किलो धरा. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी ६० ने जायचं तर नुसतं वजन वर उचलायला साधारण १७ घोडे लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून आणखी पाच. झाले २२. आता इंजिनाकडे बघू. डी७एफचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) अडीच हजारांच्या आसपास ९३ न्यूटन-मीटरपर्यंत जातो. साताऱ्याच्या उंचीला हवा विरळ, म्हणून ८६ धरू. २,८०० आरपीएमला ८६ न्यूटन-मीटर म्हणजे ३४ घोडे. गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये जातं ते वजा केलं तरी चाकापर्यंत ३० पोचायला हवेत.

२२ लागतात, ३० आहेत. गाडीने त्या चढावर वेग धरून वर आणखी वाढवला पाहिजे. तुमची उलट पडतेय. म्हणजे कंपनीने दिलेल्या साठातलेच घोडे कुठेतरी गळतायत. ते सापडेपर्यंत एकही नवीन पार्ट घेऊ नका. गळक्या इंजिनावर टर्बो बसवला तर त्या गळतीतूनच दाब जाणार.

पहिलं काम, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते मोजणं. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टरची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. चारही सिलेंडरला सारखाच वेळ स्टार्टर मारा. आकडे इथे टाका.

बूस्टवेडा (कराड)

ताई, हिशोब मान्य. पण उंचीचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. साताऱ्याची उंची सातशे मीटरच्या आसपास, कासला बाराशे. विरळ हवेवर खरं औषध टर्बोच. साधं इंजिन कासला पोचेपर्यंत दहा टक्के मेलेलं असतं.

तिसरा_गिअर (सांगली, सध्या पुणे)

हे बरोबर आहे. हवेची घनता साताऱ्यात समुद्रसपाटीच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी आणि कासला साधारण अकरा. म्हणजे ६० चे ५६ आणि वर ५३. टर्बो ती तूट भरून काढतो, वाद नाही.

पण खर्च नुसत्या टर्बोचा नसतो. त्याला ऑइलची लाइन आणि परतीचा पाइप, नवीन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वाढलेला टॉर्क झेलणारा क्लच, एवढं सगळं आलं. शिवाय डिझेलचा टर्बो पेट्रोलवर लावताना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डिझेलचा धूर साधारण आठशे अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा पूर्ण लोडला साडेनऊशेपर्यंत जाऊ शकतो. डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचा धातू त्या उष्णतेसाठी निवडलेला नसतो. महामार्गावर चार-दोनदा जोर मारून काही होत नाही, पण पसरणीचा घाट तळापासून पाचगणीपर्यंत पाय दाबून चढलात तर हाउसिंगला चीर जाऊ शकते.

कुपवाड_लेथ (सांगली)

धागा वाचतोय. मी मशिनवाला माणूस, बोअर आणि हेडची कामं करतो. पोरा, टेस्ट कर आणि जो सिलेंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोज. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात. आहे तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय. आणि त्याच्याही आधी टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप बघ. गॅपच नसला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि उगाच हेड उतरवलं जातं.

यवतेश्वर_वळण (सातारा)

टॅपेट बघून घेतले, गॅप बरोबर. एमआयडीसीतल्या मित्राकडून गेज आणला. आकडे पीएसआयमध्ये:

एक नंबर १५८, दोन नंबर १६०, तीन नंबर ११८, चार नंबर १५५.

ऑइल टाकून तीन नंबर १२२. म्हणजे काका म्हणतात तसं, फारसा हलला नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही.

कुपवाड_लेथ (सांगली)

मग गॅस्केटचा संशय सोड. तीन नंबरचा व्हॉल्व्ह सीटवर बसत नाहीये, बहुतेक एक्झॉस्टचा. गाडी वर्षानुवर्षं उभी होती ना? उभ्या गाडीत जो व्हॉल्व्ह उघडा राहतो त्याच्या सीटला गंज धरतो. नंतर गाडी चालू केली की तिथून तापलेला धूर निसटतो आणि सीट आणखी खातो. बाकी तीन आकडे आपल्या उंचीला झकास आहेत. खालचं इंजिन चांगलं आहे, हात लावू नको.

हेड उतरवावं लागणार. आता उतरवतोच आहेस तर तुझं पॉवरचं काम तिथंच करून घे.

मिरजकर_८७

काका, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणता का? आमच्या गावात सगळे तेच करतात. दोन मिलिमीटर घासा म्हणतात डोळे झाकून.

कुपवाड_लेथ (सांगली)

दोन मिलिमीटर सांगणाऱ्याला विचार, चेंबर (हेडमधला पेट्रोल जळायचा खळगा) किती सीसीचं आहे? उत्तर आलं नाही तर हेड उचलून घरी आण.

मी कसं मोजतो ते सांगतो. हेड मशिनच्या टेबलावर उलटं ठेवायचं, लेव्हल लावून. व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवायचे. चेंबरच्या काठाला बोटाने पातळ ग्रीस फिरवायचं आणि वर ॲक्रिलिकची जाड पट्टी दाबून बसवायची. पट्टीला कडेला बारीक भोक. ब्युरेटमध्ये रॉकेल भरायचं, थोडा रंग टाकायचा म्हणजे पातळी दिसते, आणि भोकातून थेंब थेंब सोडायचं. शेवटी पट्टीखाली एक बुडबुडा उरतो, हेड किंचित कलवून तो भोकाशी आणायचा. बुडबुडा गेला की ब्युरेट वाचायची. चारही चेंबरचे आकडे खडूने हेडवर लिहायचे. कंपनीच्या हेडमध्येसुद्धा चारांत फरक निघतो. आधी चारही सारखे करायचे, सगळ्यात मोठं जे आहे त्याच्या मापाला. कॉम्प्रेशनचं त्यानंतर बोलायचं.

याच वेळी व्हॉल्व्ह गळतो का तेही कळतं. रॉकेल पोर्टात (हवेच्या वाटेत) उतरलं की समज.

तिसरा_गिअर (सांगली, सध्या पुणे)

काकांच्या ब्युरेटला माझा आकडा जोडते. एका सिलेंडरचं माप २८७ सीसी. मूळ कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ९.६५ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी एकूण जागा ३३ सीसी, त्यात गॅस्केटची जाडीही आली. १०.५ करायचं तर ३० सीसी उरवायची. सगळा खेळ तीन सीसीचा, आणि तीन सीसी म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. म्हणून अंदाजाने घासणं धोक्याचं.

आणि या तीन सीसीतून मिळतं काय? थर्मोडायनॅमिक्सच्या सूत्राने ९.६५ चं १०.५ झालं की कार्यक्षमता दोन-सव्वादोन टक्के वाढते. ६० चे सव्वा एकसष्ट. बस. नुसतं हेड घासून गाडी पळायला लागली असं जे सांगतात, त्यांची गाडी त्याच वेळी झालेल्या व्हॉल्व्हच्या कामामुळे पळत असते.

मिरजकर_८७

हे भारी आहे. आमच्याकडे श्रेय घासणीलाच मिळतं.

कुपवाड_लेथ (सांगली)

बरोबर बोललीस. मी हेड सपाट होण्यापुरतंच घासतो. पैसा आणि वेळ घालायचा तर सीटच्या मागे घाल.

आठ व्हॉल्व्हच्या हेडमध्ये हवा अडते ती व्हॉल्व्हच्या मागच्या वाटीत, जिथं सीटची रिंग संपते आणि ओतीव भाग सुरू होतो. तिथं कारखान्याची पायरी असते, बोट घातलं तर लागते. ती पायरी काढायची. पोर्ट जिथं आत वळतं तिथला तीव्र काठ थोडा गोल करायचा. पोर्ट मोठं करायचं नाही, इथं सगळे चुकतात. पोर्ट मोठं झालं की खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि तुझा घाट आणखी अवघड होईल.

सीट तीन कोनांत कापायची, ३०, ४५ आणि ६०. एक्झॉस्टची बसायची पट्टी जरा रुंद ठेवायची, कारण त्या व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. बारीक ठेवली तर व्हॉल्व्ह जळतो. नुसती पेस्ट लावून काठीने घासून देणारे आहेत, पण तुझ्या तीन नंबरला त्याने भागणार नाही. इनटेकचं पोर्ट आरशासारखं चकचकीत करू नको, जरा खरखरीत राहू दे. एक्झॉस्ट गुळगुळीत चालेल, कार्बन कमी धरतो. मॅनिफोल्डचं तोंड आणि हेडचं तोंड गॅस्केट लावून जुळवून घ्यायचं.

यवतेश्वर_वळण (सातारा)

काका, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलावा का? कोल्हापुरात ग्राइंड करून देतात म्हणे.

तिसरा_गिअर (सांगली, सध्या पुणे)

काकांच्या आधी मीच नाही म्हणते. तुमच्या इंजिनाला ६० घोडे सव्वापाच हजारांच्या आसपास मिळतात, तिथे टॉर्क ८० उरलेला असतो. तोच ८० टॉर्क ठेवून ७५ घोडे हवे असतील तर इंजिन ६,६०० पर्यंत नेऊन तिथे हवा भरावी लागेल. तेच काम मोठ्या ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम करतो, पण त्याची किंमत खालच्या आरपीएमला वसूल करतो. यवतेश्वरला तुम्ही २,८०० वर असता. रेसट्रॅकवर जाणाऱ्याला तो कॅम योग्य, तुम्हाला नाही.

रेनॉने स्वतः काय केलं बघा. याच घराण्यातलं डी४एफ, सोळा व्हॉल्व्ह, तेवढीच सीसी, ७५ घोडे साडेपाच हजारांना. आरपीएम जेमतेम वाढलं, टॉर्क मात्र वरपर्यंत टिकला, कारण हवेला वाट जास्त मिळाली. तुमच्याकडे आठच व्हॉल्व्ह आहेत. त्यामुळे चांगलं हेड, बरोबर एक्झॉस्ट आणि नीट ट्यूनिंग मिळून ७० च्या आसपास पोचलात तर मी त्याला उत्तम काम म्हणेन. ९० विसरा.

कॅम तोच ठेवा, पण पुली ॲडजस्ट होणारी घ्या. हेड घासलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, त्यामुळे कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. ते परत जागेवर आणायला ती लागते.

बूस्टवेडा (कराड)

७० साठी एवढा खटाटोप? कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सिलेन्सरने पाच तर आरामात येतील.

तिसरा_गिअर (सांगली, सध्या पुणे)

कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा लावलात तर आवाज येईल, पॉवर जाईल. बाहेर ३५ अंश असताना घाटात बॉनेटखाली ६० सहज होतात. तेवढ्या फरकाने हवा सात टक्क्यांनी विरळ होते. साताऱ्यात बसून आणखी सातशे मीटर वर गेल्यासारखंच ते. कंपनीचा डबा पुढून गार हवा घेत असेल तर तो ठेवा आणि फिल्टर बदला.

एक्झॉस्टला मात्र अर्थ आहे. चार-दोन-एक पद्धतीचे हेडर (चार पाइपांचे दोन, दोनाचा एक) बनवून घ्या, मधल्या आरपीएमला तेच उपयोगी. पाइपचा व्यास वाढवायचा मोह टाळा. आणि सिलेन्सर असा घ्या की पोवई नाक्यावर पोलीसमामा मान वळवणार नाहीत.

आरटीओ_रांग (सातारा)

मामांचा विषय निघालाच आहे तर. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्हॉल्व्ह, सीट, हेडचं काम ही दुरुस्ती, त्याला कुणी हरकत घेत नाही. टर्बो, दुसरं इंजिन, उघडा सिलेन्सर हे त्या कलमात बसतात. विम्याचंही बघा. न कळवलेला बदल सापडला की क्लेम अडतो. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, नोंदणीच्या नूतनीकरणाला ती दाखवावी लागणार. एमएच ११ च्या मैदानात वाद घालत उभं राहायचं नसेल तर जे करायचं ते इंजिनाच्या आत करा.

घाटवाटा (वाई)

लोगनचं १.४ इंजिन बसवायचा सल्ला द्यायला आलो होतो. ७५ घोडे, रेनॉचंच, भंगारात मिळतं. कलम ५२ वाचून परत जातोय.

तिसरा_गिअर (सांगली, सध्या पुणे)

शिवाय नाकावर वजन वाढलं असतं. आठशे किलोची गाडी वळणात मजा देते ती पुढचा भाग हलका असल्यामुळे. कॅटरहॅमने ६६० सीसीचं सुझुकी टर्बो इंजिन, ८० घोडे, सेव्हन १६० मध्ये बसवलं तेव्हा गाडीचं वजन ४९० किलो होतं. सगळी जादू त्या वजनात आहे. तुम्ही चाळीस किलो काढलेत तर तीन घोडे वाढवल्यासारखं आहे, आणि ब्रेकलाही तेवढंच कमी काम.

आता जे खरं कुणी बघत नाही ते. पेट्रोल. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, आपल्याच भागातल्या कारखान्यांचं इथेनॉल त्यात असेल. तुमची गाडी ज्या काळात बनली तेव्हा शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण १४.७ पट हवा लागायची. ई२० ला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर साध्या चालण्यात ईसीयू सांभाळून घेतो. पाय पूर्ण दाबला की जुना ईसीयू सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि पाठ केलेला आकडाच फेकतो. मिश्रण पातळ पडतं. नेमकं घाटात. पॉवर कमी, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त गरम. तीन नंबरची सुरुवात गंजाने झाली असली तरी त्याला हातभार इथून लागलेला असू शकतो.

दुसरी बाजू अशी की ई२० ला किमान ९५ ऑक्टेनची अट आहे, पूर्वी साध्या पेट्रोलला ९१ ची होती. म्हणजे १०.५ कॉम्प्रेशन आणि थोडं पुढचं इग्निशन टायमिंग हे इंजिन सहन करेल. उंचीमुळे साताऱ्यात तर आणखी सोपं. पण ट्यूनिंग इथल्या हवेवर करून मे महिन्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात, तर खाली दाट आणि तापलेल्या हवेत पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकू शकतं. टायमिंगमध्ये दोन अंश राखून ठेवा.

म्हणून माझ्या मते पैसे खर्च करायचा क्रम असा: हेड, मग पेट्रोलच्या रबरी नळ्या (जुन्या नळ्या इथेनॉलने फुगतात आणि तडकतात, आग लागायचं कारण तेच), मग वाइडबँड सेन्सर. तो लावून पूर्ण ॲक्सिलरेटरला लॅम्डा (मिश्रणाचं माप, एक म्हणजे बेताचं, वर गेलं की पातळ) किती येतो ते मला कळवा. ०.८८ च्या आसपास हवा. एकच्या वर दिसला तर ईसीयूचं काम करायचंच, नाहीतर हेडरपर्यंत थांबलात तरी चालेल.

मिरजकर_८७

टायरचं कुणीच बोललं नाही. गाडी गोठ्याशेजारी उभी होती म्हणता, टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. बघा जरा.

यवतेश्वर_वळण (सातारा)

बघितली. शेवटचे दोन आकडे ०९ आहेत. टायर आणि ब्रेकचे होज यादीत सगळ्यात वर गेले.

काका, हेड घेऊन कुपवाडला कधी येऊ? आणि मॅनिफोल्ड आणू का सोबत?

कुपवाड_लेथ (सांगली)

दोन्ही मॅनिफोल्ड आण, त्यांची गॅस्केटं आण, कॅमची पुली आण. पण हेड गॅस्केट आणि व्हॉल्व्ह सील हातात पडल्याशिवाय एक बोल्ट सोडू नको. या इंजिनाचं सामान आपल्याकडे दुकानात मिळत नाही, बाहेरून यायला वेळ लागतो, तोवर उघडं बोअर गंजतं. गॅस्केट आलं की फोटो टाक. त्याच्या जाडीवरून चेंबर किती ठेवायचं ते ठरवू.

बूस्टवेडा (कराड)

कॅम पुली आणि वाइडबँड, दोन्ही माझ्याकडे पडून आहेत. पुली बसते का बघावं लागेल, सेन्सर वापरायला घेऊन जा. लॅम्डा एकच्या वर निघाला तर टर्बोचा धागा मी काढणार, आधीच सांगतो.